त्यांची शिकार, आपली चोरी



मागच्या दोन बैठकांत जबरानजोतीच्या दाव्यांवर बोलणं चाललं असताना एक विषय निघाला आणि दोन्ही वेळा तो दाबला गेला. विषय तलावावरच्या पाखरांचा. एका जाणत्या कार्यकर्त्याने सांगितलं, शिकारीचं नाव काढू नका, पेपरवाले आपल्याला पाखरं खाणारे म्हणून छापतील आणि जमिनीची लढाई बदनाम होईल. मागे बसलेली पोरं ओरडली, तलाव आपला, पाखरं आपली, पाहिजे तशी मारू. मला हे दोन्ही पटत नाही. बैठकीत वेळ भेटला नाही म्हणून इथं लिहितो. कोणाला राग आला तर पुढच्या बैठकीत उभं राहून बोलावं, मागून बोलू नये.

पहिली गोष्ट. आपण शिकारीबद्दल गप्प बसलो म्हणून आपल्याला कोणी चोर म्हणायचं थांबलं आहे काय? तलावाच्या पाळीवर पाटी लागली आहे, "शिकार करणे गुन्हा आहे". पाटी वाचता येणाऱ्यांनी आपल्या गावात कधी बदक मारलं नाही. ज्यांनी मारलं त्यांना पाटी वाचता येत नाही. मग पाटी कोणासाठी आहे? ती बाहेरून येणाऱ्या साहेबासाठी आहे, म्हणजे त्याला कळावं की इथले लोक चोर आहेत आणि खातं राखण करत आहे.

आता शिकार म्हणजे काय ते आपणच नीट सांगू. दुसऱ्याने सांगितलं की ते वाकडं होतं.

आमच्या टोल्यावर एक बुढा आहे. आता त्याच्या डोळ्याला कमी दिसते, पण संध्याकाळी पाळीवर बसून आवाजावरून सांगतो की कोणता थवा उठला. अडई शीळ घालत जाते. नकटा उडताना पंखाचा जड आवाज येतो. तो सांगतो, "बदक माराचं शिकाच्या आंधी बदक पाहाचं शिकाव लागते. दोन वर्स नुसतं पाहा." त्याचं पाहणं असं. अडई दिवसा तलावात नाही तर पाळीच्या झाडावर झोपते आणि अंधार पडला की धानाच्या बांधीत चरायला जाते. जाण्याची वाट ठरलेली असते. झाडाच्या दोन शेंड्यांमधून, सलंगाच्या वरून, रोज तीच. पाट्यासारखं चोच असलेला थापट्या उथळ चिखलात पाणी गाळत फिरतो. शेंडीवाली बदकं खोल पाण्यात बुडी मारतात. ज्याला कोण कुठं चरतं हे माहीत नाही, तो दिवसभर फिरून रिकाम्या हाताने येईल.

दुसरं, वारा. बदक नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उठते. पाण्यावर चरणारी बदकं, धनवर, चक्रांग, तलवार, ही जागेवरून सरळ वर उडी घेतात. बुडी मारणारी बदकं आणि वारकरी यांना पाण्यावर धावत धावत जावं लागते, मगच अंग उचलते. म्हणून जाळं कुठं लावायचं हे वारा सांगतो. दोन बांबू उभे करून त्यांच्यामधी उभं जाळं, पाखराच्या रोजच्या वाटेवर, आणि तेही काळोख्या पक्षात. चांदण्यात पाखराला जाळं दिसते आणि ते वरून निघून जाते. उथळ पाण्यात देवधान पिकते तिथं केसाचे फासे लावत. एका दोरीला ओळीने फासे, दोरी पाण्याबरोबर, दोन्ही टोकांना खुंटी. यात पाखरू जिवंत सापडते आणि नको असलेलं सोडून देता येते, हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

मडक्याची रीत तर ऐकायला गोष्टीसारखी वाटते, पण देशात अनेक ठिकाणी याच रीतीने बदकं धरत. रिकामी मडकी पाण्यात चार-आठ दिवस तरंगत सोडायची. बदकांना सवय होते, ती मडक्याच्या बाजूनेच चरतात. मग एक माणूस डोळ्यापुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यात घालून गळाभर पाण्यात हळू हळू चालत जातो. बदकाजवळ गेला की पाण्याखालून पाय धरायचा आणि खाली ओढायचं. आवाज नाही, फडफड नाही. शेजारच्या बदकाला कळत नाही की आपला सोबती गेला. पण थंडीच्या दिवसांत गळाभर पाण्यात दोन तास उभं राहायची तयारी पाहिजे. एका माणसाला किती बदकं भेटतील? दोन, चार. कमरेच्या दोरीला जितकी अडकवता येतात तितकी.

राजहंस, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, तो आणखी हुशार. तो दिवसा उघड्या वाळूवर किंवा पाण्याच्या मधोमध बसतो आणि रात्री-पहाटे हरभरा, गहू, लाखोळीचे कोवळे शेंडे खायला शेतात उतरतो. थवा चरतो तेव्हा एक-दोन मान वर करून पहारा देतात. चालत गेलं तर अर्ध्या कोसावरून उठतो. म्हणून पहाट व्हायच्या आंधी शेतात खड्डा करून, वर तणस टाकून निजून राहावं लागते. तरी दहापैकी आठ दिवस काही हाती लागत नाही. (हा हंस तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. आपल्या जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटच्या निर्वासित लोकांना १९७२ साली सरकारने वसाहतीला जमीन दिली. दिली ते चांगलं केलं, घर सुटलेल्याचं दुःख आपल्याला कळते. पण दोन पिढ्या कसलेल्या जमिनीला आपल्याला अजून "अतिक्रमण" म्हणतात, हेही सांगून ठेवतो.)

आणि या सगळ्यावर रीत होती. पावसाळ्यात, धनवर पाळीच्या गवतात अंडी घालते आणि अडई झाडाच्या ढोलीत बसते, तेव्हा तलावावर कोणी जात नव्हता. पिल्लं बरोबर असली की सोडायची. पिल्लं मोठी झाल्यावर जुनं बदक पंख गाळते आणि काही दिवस त्याला उडता येत नाही, तेव्हा त्याला धरणं म्हणजे बाजेवर पडलेल्या आजाऱ्याला मारणं, असं बुढे म्हणत. ज्याच्या कुळाचं जे देव, ते पाखरू तो मारत नाही. आणि मारलेलं विकायचं नाही. टोल्यावर वाटा पडत होता, बाळंतिणीच्या घरी आधी जात होता. मोठ्या लोकांना ही रीत म्हणजे अंधश्रद्धा वाटते. तेच लोक कागदावर लिहितात तेव्हा तिला "बंद हंगाम" म्हणतात.

आता त्यांची शिकार पाहू.

राजस्थानात भरतपूरला राजाने पाणी अडवून तयार केलेला मोठा पाणथळ आहे, घना म्हणतात. आपल्या तलावांसारखाच माणसाने केलेला. तिथं राजा पाहुण्यांना बोलावून बदकांची शिकार करत होता. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आला होता. त्या एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली. मी आकडा चुकवलेला नाही, चार हजार दोनशे त्र्याहत्तर. एक दिवस. आणि हे लपवून ठेवलं नाही तर तिथं दगडावर कोरून लावलं आहे, कोणत्या तारखेला कोण साहेब आला, किती बंदुका होत्या, किती पाखरं पडली. आपल्या गावात एखाद्याने तीन अडई धरल्या तर पंचनामा होतो. त्यांनी चार हजार मारली तर शिलालेख होतो.

त्यांची रीतही समजून घ्या. साहेब लोक आडोशामागे उभे. गावचे लोक, आपल्यासारखेच, छातीभर पाण्यात उभे राहून पाखरं उठवतात आणि पडलेली गोळा करतात. एका बाजूने बंदुका वाजल्या की थवे दुसऱ्या बाजूला जातात, तिथंही बंदुका. बसायला जागाच द्यायची नाही. पाखरू थकून पुन्हा पुन्हा बंदुकीवरून जाते. ४,२७३ हा हाती आलेल्यांचा हिशेब. छर्रा लागून लव्हाळ्यात जाऊन मेली ती कोणत्याच दगडावर नाहीत. आणि शिशाचे छर्रे तळाला राहतात. बदक दाणा दळायला पोटात बारीक खडे घेते, त्याबरोबर शिसं गिळते आणि पुढं कित्येक दिवसांनी विषाने मरते. अमेरिकेत बदक मारायला अजून परवानगी आहे, पण शिशाच्या छर्‍यांना १९९१ पासून बंदी केली, ती याच कारणाने. आपल्या फाशाने आणि मडक्याने तळ्यात काय राहते? काही नाही.

तरी त्या काळात साहेब लोकांच्या हिशेबाने बंदुकीने उडतं पाखरू मारणं म्हणजे मर्दाचा खेळ आणि जाळं-फासा लावणं म्हणजे नीच काम. कारण काय? त्यांना खायला पाहिजे नव्हतं. खायला मारतो तो चोर आणि मजेसाठी मारतो तो शिकारी, हा नियम तिथून आला. आपली वनखात्याची वर्दी त्याच साहेबाने शिवलेली आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा काढून पाहा. त्याच्या कलम २६ मधी राखीव जंगलात शिकार करणं, मासे मारणं, फासे लावणं गुन्हा म्हणून लिहिलं आहे. राखीव जंगल कोणाला विचारून राखीव केलं, ते त्यात लिहिलेलं नाही.

भरतपूरची गोष्ट इथं संपत नाही. राजाचं राज्य गेलं तरी तिथली शिकार १९७२ पर्यंत राहिली. नंतर शिकार बंद झाली, चांगलं झालं. मग ते राष्ट्रीय उद्यान केलं आणि १९८२ साली आजूबाजूच्या गावांची गुरं-म्हशी आत जायला बंदी केली. लोकांनी विरोध केला, पोलिसांनी गोळी चालवली, माणसं मेली. कशासाठी? पाखरांसाठी. आता पुढचं ऐका. म्हशी बंद करा म्हणणाऱ्या पक्षितज्ज्ञांच्याच संस्थेने, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, तिथं दहाएक वर्षं अभ्यास केला. त्यात निघालं की म्हशी चरत होत्या म्हणून पाण्यातलं गवत आटोक्यात होतं. म्हशी गेल्या आणि गवत इतकं माजलं की उघडं पाणी झाकलं गेलं आणि बदकांना जागा कमी झाली. हे कोणत्याही गुराख्याने त्यांना फुकटात सांगितलं असतं. पण गुराख्याला विचारायची पद्धत नाही. गुराख्यावर गोळी चालवायची पद्धत आहे.

हे लांब राजस्थानचं झालं असं म्हणू नका. नवेगाव बांधचं तळं कोणी बांधलं? सरकारने नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी आपल्या भागात शेकडो तळी, बोड्या बांधल्या. पाळ, तुडुम, सलंग, पाट, सगळं गावच्या डोक्याने आणि गावच्या हाताने. गोंड, हलबा, ढिवर, कोहळी सगळ्यांनी माती वाहिली. १९७५ ला नवेगावचं राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हापासून तळं पाहायला शहरातून बस येते आणि ज्यांच्या पूर्वजांनी पाळ बांधली त्यांना तिथं काडी उचलायची चोरी. साहेब म्हणतो, काय सुंदर निसर्ग! अरे, तो निसर्ग नाही, ती आमची मजुरी आहे.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. मालगुजार गेला हे चांगलं झालं, तो काही आपला मामा नव्हता. पण त्याच्याबरोबर तलाव गावाकडे यायला पाहिजे होते ते सरकारकडे गेले. आता पाळ फुटली तर एक खातं म्हणते माझ्याकडे नाही, दुसरं म्हणते निधी नाही. गाळ काढायला कोणी येत नाही. बेशरमाने तळी भरून गेली. देवधान दिसत नाही. मासेमारीचा ठेका होतो तेव्हा मात्र तलाव लगेच कोणाच्या तरी मालकीचा निघतो. बदकं कमी झाली हे खरं आहे, मी नाकारत नाही. बुढा सांगतो की त्याच्या लहानपणी थवा उठला की पाळीवर माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण ती आपल्या फाशाने कमी झाली की गाळाने, बेशरमाने आणि आटलेल्या पाण्याने, हे कोणी मोजलं? पाटी लावायला खर्च केला, गाळ काढायला केला नाही.

अमेरिकेत बदक मारणाऱ्या प्रत्येकाला १९३४ पासून एक तिकीट विकत घ्यावं लागते आणि त्या पैशातून सरकार दलदलीच्या जागा घेऊन राखते. तो देश काही आपला आदर्श नाही, तिथल्या आदिवासींचं काय केलं ते शिबिरात ऐकलं आहे. पण इतकं तरी त्यांना कळलं की पाणी राहिलं तर पाखरू राहते. आपल्याकडे पाणी मरू द्यायचं आणि पाखराच्या नावाने माणसाला धरायचं.

आता कायदा. इथं खोटं बोलून चालणार नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आधी परवान्याची सोय होती. छोट्या शिकारीचा परवाना घेऊन बदकं मारता येत होती. परवाना म्हणजे बंदूक, बंदूक म्हणजे पैसा, म्हणजे तो आपल्यासाठी नव्हताच. १९९१ ला कायदा बदलला आणि ती सोय काढून टाकली. आता रानबदक मारणं, धरणं, फासा लावणं, घरट्यातली अंडी काढणं सगळं शिकारीतच धरलं जाते, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संघटनेचा कागद खिशात आहे म्हणून कोणी सुटणार नाही. कोणी पोराला सांगत असेल की आदिवासीला माफ आहे, तर तो त्याला तुरुंगात पाठवत आहे.

पण त्याच कायद्यात कलम ६५ आहे. त्यात लिहिलं आहे की निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना दिलेल्या शिकारीच्या हक्काला या कायद्याने धक्का लागणार नाही. म्हणजे दिल्लीला माहीत आहे की आदिवासीची शिकार आणि साहेबाची शिकार एक नाही. निकोबारमधी माहीत आहे, भंडारा-गडचिरोलीत विसरले. आपण काही नवीन मागत नाही. जे तत्त्व त्यांनी एका ठिकाणी मानलं ते इथं का नाही, इतकंच विचारतो.

आणि कायदा सगळ्यांना सारखा असला तरी पकडला कोण जातो ते पाहा. मागच्या थंडीत आमच्या बाजूच्या गावात दोघांना धरलं. झोळीत तीन अडई. रात्रभर बसवून ठेवलं, कोऱ्या कागदावर अंगठे घेतले, आणि सुटायला घरची बकरी विकावी लागली. पावती नाही. त्याच महिन्यात जीपने चार जण आले होते, पाळीवर जेवण झालं, बंदुकीचा आवाज गावाने ऐकला. त्यांच्या जीपला रस्ता दाखवायला कोण होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मी नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा त्या बकरीच्या मालकाकडेही नव्हता, तरी त्याचा अंगठा घेतला.

म्हणून जाणत्या कार्यकर्त्याला माझं सांगणं आहे. दादा, तुम्ही म्हणता शिकारीचं बोलू नका, जमिनीचं बोला. पण जमीन म्हणजे फक्त नांगर चालतो तितकीच काय? तलाव, त्यातले मासे, कमळाचे कांदे, शिंगाडा, गाळपेर, पाळीवरचं मोह, हे जमिनीतच आलं. आपण एकेक गोष्ट लाजेने सोडत गेलो तर शेवटी सातबाऱ्यावरचे दोन एकर राहतील आणि त्याला पाणी राहणार नाही. खातं आपल्याला जमिनीवरून काढत नाही, आधी जंगलातून काढते, मग तलावावरून काढते, मग म्हणते हे इथं राहतातच कशाला. गप्प राहून आपण चांगले ठरणार नाही. मुकाट्याने अंगठा दिला की गुन्हा कबूल केला असा अर्थ होतो.

आता पोरांकडे येतो. तुम्ही ओरडता तलाव आपला. मग तलावात विष कोण टाकते?

मला कोणी खातं सांगायला आलं नाही, मी डोळ्याने पाहिलं आहे. धानावर मारायचं किडीचं औषध दाण्याला लावून काठावर टाकायचं आणि सकाळी पोत्यात भरायचं. याला शिकार म्हणता? यात कोणता वारा पाहावा लागतो, कोणती वाट ओळखावी लागते? विषाला धनवर कळत नाही, अडई कळत नाही, कोंबडी कळत नाही, पोरगं कळत नाही. जे बदक उडून लांब जाऊन मेलं ते कोल्ह्याने खाल्लं, घारीने खाल्लं, तेही मेले. तेच पाणी आपल्या बाया भरतात, तिथंच गुरं पितात. आणि ती विषाची बदकं बाजारात, धाब्यावर जातात. म्हणजे कोणाच्या तरी पोटात विष जाते. झाडाची साल कुटून डोहातले मासे गुंगवतात ते आपल्यात आहे, पण ते पाणी वाहून गेलं की संपते आणि ते मासे आपणच खातो. आपण स्वतः खाणार नाही ते दुसऱ्याला विकणं ही आपली रीत कधीपासून झाली?

पोरं म्हणतील, रोजी नाही, रोजगार हमीचे पैसे महिना-महिना भेटत नाहीत, व्यापारी एका जोडीचे रोख देतो. खरं आहे. पण तो व्यापारी कोण आहे पाहा. तेंदूच्या फडीवर गड्डी मोजताना जो मारतो, मोहाला भाव पाडतो, तोच. त्याने आता तुमच्या हातून तुमचा तलाव मारायला लावला आहे. धरले गेलात तर तो सोडवायला येणार नाही. आणि ज्या दिवशी पेपरात विष घातलेल्या बदकांचा फोटो छापून येईल, त्या दिवशी खात्याला पाटी लावायचीही गरज पडणार नाही. सगळ्या तलावांना कुंपण घालतील आणि लोक टाळ्या वाजवतील. विष टाकणाऱ्याला खात्याच्या आधी गावाने धरलं पाहिजे. त्याला पोलिसात देऊ नका, ग्रामसभेत उभं करा, त्याच्याकडून बेशरम उपटून घ्या. पण धरा.

बायांनी हा विषय आपल्या हातात घ्यावा असं मला वाटते. पाणी त्या भरतात, मासे-खेकडे त्या धरतात, मटण आणलं तर साफ त्या करतात आणि विषाचं पाखरू आतड्याच्या रंगावरून त्याच ओळखतात. ज्या गावात बायांनी दारू बंद केली तिथं विष बंद करणं काही जड नाही.

आपली मागणी काय, ती साधी लिहितो. आम्हाला बंदुकीची शिकार नको, विकायची शिकार नको. तलाव गावाच्या ताब्यात द्या. गाळ आम्ही काढतो, पैसे रोजगार हमीतून द्या. कोणत्या महिन्यात तलावावर कोणी जायचं नाही, कोणतं पाखरू धरायचं नाही, हे ग्रामसभा ठरवेल आणि राखेल. घरच्या हंडीसाठी धरलेल्या पाखरावरचे खटले मागे घ्या. आणि जीपवाल्यांना धरून दाखवा. ही मागणी मान्य होईपर्यंत कायदा आहे तो आहे, म्हणून पोरांनी उगाच छाती काढून फासे लावायला जाऊ नये. लढाई झोळीतल्या अडईवर लढायची नाही, कागदावर आणि पाळीवर लढायची आहे.

तरी कोणाला धरलंच तर कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणा. अटक केली तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागते, हे घरच्यांनी ओरडून विचारावं. तडजोडीचे पैसे मागितले तर पावती मागा. पावती नाही म्हणाले तर पैसे देऊ नका आणि त्याच दिवशी संघटनेला कळवा.

कागदाचं काम असं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १६१ प्रमाणे गावाचं निस्तार पत्रक असते आणि कलम १६५ प्रमाणे वाजिब-उल-अर्ज. निस्तारात गावाला पडीक जमिनीवरून काय काय घ्यायचा हक्क आहे ते लिहिलेलं असते, वाजिब-उल-अर्जमधी पाणी, वाट, मासेमारी यांची गावची वहिवाट. आपल्या बहुतेक गावांत ही दोन कागदं कोणी पाहिली नाहीत. तलाव कोणाच्या नावावर आहे, त्यात गावचा कोणता हक्क लिहिला आहे, हे पाहिल्याशिवाय मागणी लिहिता येणार नाही. म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन्हीची नक्कल आणावी. नक्कल फीची पावती ठेवावी, ते पैसे संघटना देईल. एकट्याने जाऊ नका, चार जण जा, त्यात दोन बाया असू द्या. तलाठी म्हणाला की रेकॉर्ड तहसीलला आहे, तर तसं त्याच्याकडून लिहून घ्या. तहसीलवाला म्हणाला तलाठ्याकडे आहे, तर त्याच्याकडूनही लिहून घ्या, आणि दोन्ही कागद बैठकीला घेऊन या.